विमानाला किती कापड लागतं

सर वर्गात येताना कोटाच्या खिशात एक संत्रं घेऊन यायचे. आता अमरावतीत संत्र्याचं कुणाला कौतुक? पण सर ते सोलायचे तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा माना उंच करून बघायची. देठाजवळ नख लावायचं आणि सगळी साल एका तुकड्यात काढायची. मग ती चौकटीच्या कागदावर दाबून सपाट करायची, कडेकडेनं पेन्सिल फिरवायची आणि आतले चौकोन मोजायचे. "हे झालं संत्र्याचं कातडं. आता यावरून विमानाचं काढा," असं म्हणून सर फोडी तोंडात टाकायला लागायचे. फोडी सरांना आणि साल वर्गाला, ही वाटणी मी चार वर्षं पाहिली.

अभ्यासक्रमात विमान नव्हतंच. विषय पदार्थविज्ञान, वर्ग इंटरचा, आणि परीक्षेत यायचे ते लंबक आणि भिंगं. सरांना मात्र शिकवायचं असायचं हवेचं घासणं. त्यांचं म्हणणं असं की विमान उडतं तेव्हा हवा त्याला समोरून अडवते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण तीच हवा पुढे त्याच्या पाठीवरून, पोटाखालून, पंखांवरून घासत जाते आणि त्याला मागे ओढते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ते घासणं किती, याचा अंदाज काढायचा तर विमानाचं सगळं कातडं सोलून एका सपाट फळीवर अंथरलंय असं समजायचं, आणि त्या फळीला तेवढ्याच वेगाची हवा किती घासेल ते काढायचं. फळीचं गणित पुस्तकात मिळतं. कातडं किती, ते ज्याचं त्यानं मोजायचं.

"समोरून आडवनारा दिसते तरी लेकाचा," सर म्हणायचे, "बाजूनं घासत जानारा दिसत नाई. थोच जास्त खाते." हे वाक्य ते विमानाला लावत, तसंच आमच्या प्रिन्सिपॉलनाही लावत. प्रिन्सिपॉल समोरून कधीच अडवत नसत, हे खरं होतं.

सर मूळचे पातूरचे. वर्गात इंग्रजीत सुरुवात करायचे आणि विषयाला रंग चढला की थेट पातूरला पोचायचे. अंगावर उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि सायकल चालवताना पायजम्याच्या दोन्ही पायांना घोट्याजवळ सुतळी. सायकलवर ते छाती हँडलला टेकवून, हनुवटी पुढे काढून बसत, म्हणजे हवा कमी घासावी. राजापेठेतून या अवतारात जाणारा माणूस पाहून परगावची माणसं दचकत. गावची माणसं वाट सोडत, कारण घासणं कमी व्हावं म्हणून सर ब्रेकही कमीच लावत.

घरात सरांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, तऱ्हा वेगळीच. त्यांना दुधी भोपळा, दोडका, बटाटा, सगळं अखंड सालीत सोलायला लागायचं. साल तुटली की सर नुसता उसासा टाकत. काकूंना तो उसासा शिवीपेक्षा लागे. "हवा आंगाले घासते तं घासू द्या ना जी," त्या म्हणत. "आपल्याले कुठी उडा लागते?"  सर साल उचलून आपल्या टेबलाकडे जात.

मी त्यांच्याकडे भाडेकरू कसा झालो ते सांगायला हवं. त्या कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो तेव्हा वय तेवीस, आणि आमच्या गावचा कॉलेजात नोकरीला लागलेला मी पहिला. खोली शोधायला राजापेठेत निघालो. खोल्या रिकाम्या होत्या, पाट्या लावलेल्या होत्या. मालक चहा विचारत, मग आडनाव विचारत, मग गाव. आम्ही बौद्ध हे कळलं की त्यांना एकदम आठवे की आपला पुतण्या यायचाय, खोली त्याला दिलीय. त्या एका आठवड्यात राजापेठेत इतके पुतणे यायचे होते की ते सगळे खरंच आले असते तर गावाला पाणी पुरलं नसतं. मी सातव्या घरून निघालो तो चिडून, आणि आठवं घर सरांचं. मी चपला न काढताच सांगून टाकलं, "मी बौद्ध आहे. पुतण्या येणार असेल तर आत्ताच सांगा."

सरांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "उंची किती?"

"पाच फूट सहा."

"वजन?"

मी सांगितलं. त्यांनी भिंतीवरच पेन्सिलीनं काहीतरी मांडलं. "आठरा चौरस फूट कातडं हाये तुयं. खोली त्याच्या पाचपट हाये. पुरते. सामान आन." मग आत वळून ओरडले, "अवो, च्या ठेवा, आठरा चौरस फूट येऊन राहिलं!" काकूंनी सगळ्यांच्या कपांसारख्याच कपात चहा दिला. त्या आकड्यानं माझी आयुष्यभराची चेष्टा झाली, स्टाफरूममध्ये मला कुणी नावानं हाक मारीना. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण मला कुणी काहीतरी विचारून खोली दिली होती आणि विचारलं होतं ते मी बदलू शकत नसलो तरी लपवण्यासारखं नव्हतं.

आता सरांनी तोवर विमान कुठे पाहिलं होतं? फक्त आभाळात. फार उंचावरून एखादं नागपूरकडे जाताना दिसलं की ते खडू हातात घेऊनच व्हरांड्यात येत आणि ते दिसेनासं होईतो उभे राहत. वर्ग तेवढ्यात सुटायचा. प्रयोगासाठी त्यांच्याजवळ वारा होता तो बडनेऱ्याच्या गाडीचा. अमरावती-बडनेरा या लहानशा प्रवासात ते खिडकीतून एक रंधा मारलेली फळी बाहेर धरत, फळीला ताणकाटा बांधलेला, आणि मी घड्याळ घेऊन खांब मोजायचो. फळी हवेला आडवी नाही, कड पुढे करून धरायची, म्हणजे हवा नुसती घासेल. एकदा तिकीट तपासनिसानं पकडलं. सरांनी त्याला बडनेरा येईपर्यंत समजावून सांगितलं. उतरताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "घरी कोनी मोठं मानूस नाई का यायच्या?"

पंधरा वर्षांच्या या खटाटोपातून सरांनी एक निबंध लिहिला. लहान विमानाच्या कातड्यावर हवा किती घासते, याचा अंदाज काढण्याची त्यांची स्वतःची रीत. इंग्रजीत टाइप करून तो दक्षिणेकडच्या एका विमानशास्त्राच्या नियतकालिकाकडे पाठवला. चार महिन्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं. लेखकाने कधी प्रत्यक्ष विमान मोजले आहे काय?

सरांनी ते पत्र लपवलं नाही. स्टाफरूममध्ये उभं राहून मोठ्यानं वाचलं. रसायनशास्त्राचे प्राध्यापक हसता हसता म्हणाले, "आता संत्री स्वस्त होतील." सरही हसले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी संत्रं आणणं बंद केलं. लंबक शिकवायला लागले. सगळा वर्ग लक्ष देऊन ऐके आणि मला ते बघवेना. घरी काकूंनी दोडका तुकड्यातुकड्यात सोलला तरी सर उसासा टाकीनात. तेव्हा काकूच एक दिवस मला म्हणाल्या, "भाऊ, कुठी एखांदं विमान भेटते का पाहाना यायच्यासाठी. हे असे चूप बसले का मले घर खायाले उठते."

आणि विमान भेटलं. त्या वर्षी भादव्यात कपाशीवर औषध फवारायला एक विमान अकोल्याला आलं होतं, गावाबाहेरच्या धावपट्टीवर उभं होतं. बातमी मीच आणली. सरांनी ती ऐकली, पायजम्याला सुतळी बांधली आणि कुठे जातो न सांगता निघून गेले. तासाभरानं परत आले ते राजापेठेतल्या टेलर मास्टरना घेऊन.

हे मास्टर म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी मशीन टाकून बसणारे वयस्क गृहस्थ. लग्नाच्या शेरवान्या शिवण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता. एका खांद्यानं उतरलेला, पोटानं सुटलेला, कसलाही नवरदेव असो, मास्टर कपडा असा बसवत की मुलीकडचे फसत. सरांचं म्हणणं बिनतोड होतं. वाकडीतिकडी गोल वस्तू सपाट कापडात मांडायची विद्या कॉलेजात कुणाजवळ आहे? कुणाजवळ नाही. टेलरजवळ आहे.

"किसका नाप है, सर?" मास्टरनी विचारलं होतं म्हणे.

"हाये एक. पंचवीस फूट लांब हाये."

मास्टरनी क्षणभर विचार केला आणि टेप गळ्यात टाकली.

आम्ही तिघे अकोल्याला पोचलो तेव्हा विमानाचे पायलट विमानाच्या सावलीत बनियनवर बसून स्टोव्हवर अंडी तळत होते. पंजाबी गृहस्थ, भल्या मिशा, आणि भलतेच वैतागलेले. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सर विमानापासून दहा पावलांवर थांबले होते. मग त्यांनी चपला काढल्या, पुढे गेले आणि आजाऱ्याचा ताप बघतात तसा पालथा हात पंखाला लावला. कितीतरी वेळ काढला नाही. मला वाटलं सर आता काहीतरी मोठं बोलतील. बोलले मास्टर.

"सर, ये तो कपडा है."

खरंच कापड होतं. लाकडी सांगाड्यावर ताणून बसवलेलं, टाके घातलेलं, आणि वरून कसलंसं लुकण फासून पत्र्यासारखं कडक केलेलं. सरांनी पंधरा वर्षं ज्याचं कातडं कातडं म्हणून डोकं खाल्लं ते शिवलेलं निघालं. मास्टर पंखाखाली वाकून टाके बघायला लागले. "टाका अच्छा है," त्यांनी निकाल दिला, "गाठ कच्ची है. ये उसवेंगी."

"फटी ही तो है!" पायलट स्टोव्हपासून ओरडले. "चार दिन से बैठा हूँ!" उतरताना बाभळीची फांदी लागून खालच्या पंखाला हातभर चीर गेली होती. नागपूरहून कारागीर यायचा होता तो येत नव्हता. फवारणी अडली होती.

सौदा तिथल्या तिथे ठरला. मास्टरनी चीर शिवायची, पायलटजवळच्या डब्यातलं लुकण लावायचं, आणि त्या बदल्यात सरांना विमान मोजू द्यायचं. शिवाय एक चाचणी. सकाळच्या पडलेल्या हवेत पायलटनी अडीच हजार फुटांवर जाऊन इंजिन मंद करायचं, तसंच तरंगत पाचशे फुटांपर्यंत यायचं, आणि किती सेकंद लागले ते मोजायचं. हवा जितकी ओढेल तितकं विमान लवकर खाली येणार. सर आधी अंदाज सांगणार, मग विमान आपला निकाल देणार.

माप घ्यायला अख्खी दुपार लागली. मास्टर शिडीवर चढले, पोटाखाली झोपले. धडाचा घेर घेताना ते सवयीनं "छाती", "कमर" म्हणत होते. पंख वर दोन आणि खाली दोन, असे चार होते. "चार आस्तीन," ते पुटपुटले, "खुदा खैर करे." मी लिहून घ्यायला वही काढली तर त्यांनी हात आडवा धरला. माप ते दुसऱ्याच्या हातानं लिहू देत नसत. तीस वर्षांत कुणाला दिलं नव्हतं. शेवटी सरांनी विचारलं, "एकंदर कपडा किती लागीन, मास्टर?" मास्टरनी आपल्या वहीत बेरीज केली आणि छत्तीस इंची पन्ह्याचे इतके वार, असा आकडा सांगितला. सरांनी त्याचे चौरस फूट केले.

मुक्काम मास्टरच्या बहिणीकडे होता. तिनं आम्हाला जेवू घातलं, आणि आपला भाऊ विमानाचा कोट शिवायला आलाय ही बातमी अंधार पडायच्या आत सगळ्या मोहल्ल्यात पोचवली. सर तिच्या ओसरीवर बसून गणित करत होते. पंखांमधल्या तारा आणि खांब किती अडवतात, नाकावरचा पंखा फिरताना किती ओढतो, हे सगळं पुस्तकातल्या तक्त्यांवरून. कातडं तेवढं स्वतःचं. आकडा निघाला एकशे एकाहत्तर सेकंद. त्यांनी तो कागदावर लिहून, घडी करून माझ्याजवळ दिला.

सकाळी पायलटनी मोठ्या मनानं पुढची रिकामी सीट दाखवली. "आइए प्रोफेसर साहब, आप भी चलिए."

सरांचा एक पाय पुढे पडला. मी पाहिला. आणि मग तो त्यांनी मागे घेतला. "नाई," ते म्हणाले, "माह्यं वजन गनितात धरलं नाई." आयुष्यात एकदाच कुणी त्यांना विमानात बस म्हणालं, आणि त्यांनी ते असं घालवलं. मी तेव्हा हसलो होतो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

विमान वर गेलं. इंजिनाचा आवाज पडला तसं सरांनी घड्याळ दाबलं. वरून आवाज पोचायला लागणारी दोन सेकंदं त्यांनी आधीच हिशेबात धरली होती. मास्टर आपण शिवलेल्या चिरीकडे डोळे लावून होते, मी सरांच्या तोंडाकडे. इंजिन परत गरजलं आणि सरांनी घड्याळ थांबवलं. पायलट उतरून धावत आले, त्यांच्या घड्याळातही तेच होतं. एकशे बासष्ट.

मी कागदाची घडी उलगडून दाखवली. पायलटनी वाचलं आणि सरांच्या पाठीवर थाप मारली. "नौ सेकंड! सिर्फ़ नौ सेकंड का फ़र्क़! कमाल है, प्रोफेसर साहब!" त्यांनी अंडी खायचा आग्रह केला. सरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. धावपट्टीच्या कडेला एका दगडावर जाऊन बसले.

मी जवळ गेलो. "सर, नऊ सेकंद म्हणजे काहीच नाही."

"तुले समजून नाई राहिलं," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "तारा पुस्तकातल्या, खांब पुस्तकातले, पंखा पुस्तकातला. समदं दुसऱ्याचं, आन् थे समदं बरोबर. माह्यं सवताचं कातडंच तेवढं होतं. थे मांडलं त्याच्याहून मोठं निंगालं. त्यायनं पत्रात इचारलं होतं, विमान कधी मोजलं काय. आता मोजलं. आता काय लिहू?"

परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसले आणि कोटाच्या गुंड्यांकडे बघत राहिले. मास्टर मधे, मी कडेला. बोरगाव मागे पडलं. शेवटी मास्टरनी मला कोपरानं ढोसलं. "सर की तबियत खराब है क्या?"

मी हळूच सांगितलं की सरांचा अंदाज चुकला. हवा जास्त घासली. म्हणजे कापड आपण धरलं त्यापेक्षा जास्त असणार.

मास्टरना हे भलतंच लागलं. "मेरे नाप में कपडा कम?" ते बसभर ऐकू जाईल असे म्हणाले. "तीस साल में किसीने नै बोला! ये देखो." त्यांनी वही काढून माझ्या नाकासमोर धरली. "ये कपडा. इतने वार." मग पान उलटलं. "और ये अस्तर."

सरांची मान फिरली. "कायचं अस्तर?"

"पंख का, सर. उपर पीला कपडा, वो कपडा. नीचे सफेद, वो अस्तर. अस्तर हमेशा अलग लिखते. आपने कपडा पूछा, मैं कपडा बोला. अस्तर पूछते तो अस्तर बोलता."

पंख वरून पिवळे आणि खालून पांढरे रंगवलेले होते. ते आम्ही तिघांनी पाहिलं होतं. पण खालचा वेगळा रंग पाहून त्याला अस्तर म्हणायचं, आणि अस्तर म्हटलं की ते वेगळ्या पानावर टाकायचं, हे कळायला टेलरच असायला हवं. चारही पंखांचं पोट आमच्या गणितातून गळालं होतं.

सरांनी वही ओढून घेतली. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा ते तिकिटाच्या पाठीवर, मग माझ्या तिकिटाच्या पाठीवर, मग कंडक्टरकडून मागून घेतलेल्या कागदावर आकडे मांडत होते. "एकशे त्रेसष्ट," ते म्हणाले. मग उभे राहून ओरडले, "एकशे त्रेसष्ट, बाप्पा!" आणि त्यांनी मास्टरना भर बसमध्ये मिठी मारली. मास्टरची टोपी पडली. कंडक्टरनं मला विचारलं, "लॉटरी लागली का जी?" मी हो म्हटलं.

घरी पोचताच सर दारातूनच काकूंना म्हणाले, "बरोबर निंगालं!" काकूंनी हातातला भोपळा खाली ठेवला. त्यांना गणितातलं काही कळत नव्हतं, पण त्या एकदम रडायला लागल्या, आणि सर गोंधळून कोटाची गुंडी काढायला आणि लावायला लागले.

निबंध नव्यानं लिहिला. त्यात सरांनी काही लपवलं नाही. आधी कसं चुकलं, अस्तर कसं राहिलं, कुठे सापडलं, सगळं लिहिलं. आणि माप कुणी घेतलं तिथे मास्टरचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे व्यवसाय, टेलर, राजापेठ, अमरावती. सर स्वतः त्यांच्या मशीनजवळ जाऊन स्पेलिंग विचारून आले होते. मास्टरना वाटलं की कुठलं तरी रेशनचं काम आहे.

या खेपेला उत्तर मोठं आलं. निबंध उपयुक्त आहे, छापायला आवडेल. फक्त एका शिंप्याचा उल्लेख आमच्या नियतकालिकाच्या दर्जाला शोभत नाही. तो वगळून, माप लेखकाने स्वतः घेतले, एवढे लिहून पाठवावे, पुढच्या अंकात घेऊ.

सरांनी उलट टपाली पोस्टकार्ड टाकलं. त्यावर इंग्रजीत तीनच शब्द होते, मी घेतले नाही. निबंध परत आला. सरांनी तो कपाटात ठेवला आणि खिशात संत्रं घालून वर्गावर गेले.

मी मात्र संतापलो. पंधरा वर्षं! एक ओळ खोडायची होती, आणि ती खोडली तर कुणाचं काय जाणार होतं? मी सरांशी भांडलो, ते ऐकेनात. तेव्हा मी जाऊन सरळ मास्टरना सगळं सांगितलं. चहाडी म्हणा. मला वाटलं, यांनी सांगितलं तर सर ऐकतील.

मास्टरनी मशीनवरची शेरवानी तशीच टाकली. टेप गळ्यात, सुई कॉलरला, असे ते ताडताड सरांच्या घरी आले. मी मागोमाग. सर पलंगावर बसून कागद चाळत होते.

"सर, मेरा नाम कायकू डाले?" मास्टर दारातूनच कडाडले. "काट डालो! मेरा नाम तो मेरे दुकान के बोर्ड पे बी नै है! मेरेकू क्या करना है छपके?"

"बसा, मास्टर."

"नै बैठता. पंद्रा साल का काम है आपका. एक दर्जी के वास्ते डुबाते क्या? लिखो ना, मैंने लिया नाप. कौन देखने आता?"

सरांनी चष्मा काढला. "नऊ सेकंद चुकले होते माह्ये, मास्टर. आठ तुमच्या वहीतून निंगाले. एक तेवढं माह्यं. आठ तुमचे मी माह्या खिशात घालू? मंग थो अंदाज नाई राहात. थे चोरी होते."

मास्टर उभेच राहिले. काकूंनी आतून पाण्याचा पेला आणून त्यांच्या हातात दिला. ते हळूहळू पलंगाच्या कडेला टेकले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वो चिठ्ठी पढो. जिधर मेरा लिखे, उतना पढो."

मी पत्र घेऊन ते वाक्य हिंदीत करून वाचलं.

"और एक बार."

परत वाचलं.

"मेरा नाम किधर है इसमें?"

"नाव नाही, मास्टर. त्यांनी 'एक शिंपी' असं लिहिलंय."

"सर ने पूरा नाम लिखके भेजे थे? अब्बा का बी?"

"पूर्ण लिहिलं होतं."

"तो बी इन लोगां एक दर्जी लिखे?"

मी होकारार्थी मान हलवली. मास्टरनी पेला रिकामा केला, टेप गळ्यातून काढली आणि सावकाश बोटांवर गुंडाळली. आत्ता इथवर भांडायला आलेला माणूस हाच का, असं वाटावं इतका तो शांत झाला होता.

"तो फिर," ते सरांना म्हणाले, "नक्को छापने देव, सर."